फेडर खाली असताना

आर्डेनच्या जंगलात पाऊस असा पडतो
की वरच्या वळणावर ऊन
आणि खाली पिटमध्ये छत्र्या.
शर्यत थांबली आहे.
निर्माती माझ्या कानात म्हणते, अजून चाळीस मिनिटं भरून काढायची.
कशाने, ते सांगत नाही.

मी आवाज बघते.
चेहरे बघायला दुसरे आहेत.
अकरा मोसम झाले, या दोघांना मी कानांनीच ओळखते.
रोब्रेख्त वाक्याआधी नाकाने छोटा श्वास घेतो,
गिअर टाकल्यासारखा.
ऑक्टाव मध्येच डावा पाय हाताने उचलून बाजूला ठेवतो,
पाहुण्याची पिशवी सरकवावी तसा, आणि खुर्ची करकरते.
त्या पायात सात स्क्रू आहेत, विमानतळावर वाजतात.
हा विनोद तो दर वर्षी एकदा करतो.
रोब्रेख्त दर वर्षी एकदा हसतो.

टायरवर बोलून झालं. पुन्हा टायरवर बोलून झालं.
एकोणीस वर्षांच्या त्या पोरावर बोलून झालं
जो जन्मला तेव्हा या दोघांची हेल्मेटं
कधीच काचेच्या कपाटात गेली होती.
मग निर्माती म्हणते, जुनी फीत लावा.

मोहरीच्या रंगाचं आकाश.
निळी गाडी आत, पांढरी बाहेर,
एक चाक दुसऱ्या चाकावर चढतं, इतक्या हळू,
जणू जिना चढतंय,
आणि पांढरी गाडी कठड्यावरून फरच्या झाडांत.
पांढऱ्या गाडीत ऑक्टाव.

रोब्रेख्तच्या हातात पिवळा पेन. पडद्यावर गोल काढायचा.
तो काढतो. इथे, म्हणतो, इथे तो मला दिसूच शकत नव्हता.
हे वाक्य मी पाठ म्हणू शकते.
चौकशी समितीपुढे म्हटलेलं,
दवाखान्याच्या व्हरांड्यात ऑक्टावच्या बायकोपुढे म्हटलेलं,
दुसऱ्याने लिहून दिलेल्या त्याच्या आत्मचरित्रात
दोनदा छापलेलं.
पण आज गोल पूर्ण होतो आणि पेन उचलला जात नाही.
पांढऱ्या नाकावर पिवळा ठिपका फुगत जातो.

जाहिराती. साडेतीन मिनिटं.
मी फेडर खाली ओढते.
फेडर खाली म्हणजे देशाला ऐकू येत नाही.
मला येतं.

नाकाने छोटा श्वास.
"दिसला होतास तू."
कप बशीवर, नीट न बसलेला.
"आरशात. अख्खा. तुझं नाक, नाकावर तो वाइनवाल्याचा शिक्का.
मला वाटलं, तू ब्रेक मारशील."

ऑक्टावच्या माइकवर काही नाही.
काही नाही यालाही सुई थोडी हलते.
मग कागदाची खसखस:
दुपारपासून टेबलाखाली ठेवलेले बटाट्याचे काप,
थंड, मेयोनीज कडेला सुकलेलं.
"मलाही वाटलं," तो म्हणतो, "तू मारशील."
चावतो.
"आणि वाइनवाला आदल्या वर्षी होता.
त्या वर्षी सिमेंट कंपनी."

म्हणजे काय?
म्हणजे त्याला दिसलाच नव्हता?
की दिसला, आणि इतकी वर्षं आत घोळवून घोळवून
शिक्का बदलला?
की सिमेंट हीच ऑक्टावची माफी,
वजनाला जड आणि दिसायला राखाडी?
फीत समोरच थांबलेली होती. मी बघून सांगू शकले असते.
नाकावर पिवळा ठिपका होता.

दहा. नऊ.
बाहेर पाऊस विरळ झालेला,
सेफ्टी कारचे दिवे लागलेले.
फेडर वर.
रोब्रेख्त श्वास घेतो आणि वाक्य येत नाही.
देशभर दीड सेकंद कोरा जातो.
तेव्हा खुर्ची करकरते.
पहिल्या दोन फेऱ्या, ऑक्टाव प्रेक्षकांना समजावतो,
आरशात बघून उपयोग नसतो.
मागे नुसतं पाणी दिसतं.

रोब्रेख्त काहीच म्हणत नाही.
एक काप तोंडात टाकतो, माइकच्या फार जवळ.
मी त्याचा आवाज थोडा कमी करते.